मुंगी कुठं चुकली?

बावधनच्या फ्लॅटच्या गच्चीवर जुईलीनं अभ्यासासाठी वाळूच्या ट्रेमध्ये वाळवंटी मुंग्या पाळल्या होत्या.

"बाबा, या जातीची मुंगी सूर्य बघत, पावलं मोजत सरळ घरी येते," ती शैलेशला म्हणाली.

शैलेशला लगेच खोडी सुचली. त्यानं घरी निघालेली मुंगी पानावर उचलून ट्रेच्या दुसऱ्या टोकाला सोडली. ती ऐटीत त्याच दिशेनं तेवढंच चालली, थांबली आणि वारुळाचं भोक शोधत गरगर फिरू लागली.

"फसली!" शैलेश टाळ्या पिटत म्हणाला. "अगदी आपल्या दादांसारखी! रोज सकाळी परसदारी म्हणून निघतात आणि फ्रिजवर आपटतात."

गेल्याच महिन्यात त्यानं बार्शीच्या घरातून इथं आणलेले त्याचे वडील दादासाहेब मुंगीकडं कौतुकानं बघत होते.

"ती कुठं चुकली, शैलेश? तिचा हिशेब बरोबरच हाय. तिला उचललं कुणी?"