पट मोजायचा दिवस

शाळा उघडून सहावा दिवस, म्हणजे पट मोजायचा. पालक्काडजवळच्या त्या सरकारी शाळेत एक मूल जरी कमी भरलं, तरी वासंती टीचरचा वर्ग बंद होणार होता. भगवतीला नवस बोलून त्या सकाळपासून फाटकाशी येरझारा घालत होत्या. फक्त सजित यायचा राहिला होता. वर्गात मुलं मोजकीच, म्हणून गेलं वर्षभर त्याला रोज जवळ बसवून त्यांनी वाचायला शिकवलं होतं.

तेवढ्यात सजितची आई ओमना पायसमचा डबा घेऊन एकटीच आली.

"सजित कुठाय गं? घंटा होईल आता."

"आधी तोंड तर गोड करा, टीचर."

 

ओमनाने डबा उघडून टीचरपुढे धरला. "तुमच्यामुळे इंग्रजी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत पास झाला, आज त्यांच्याच बसने गेला. तिथं एका वर्गात साठ पोरं आहेत म्हणे, पण तुम्ही असं तयार केलंय, आता त्याचं कुठंही अडायचं नाही."