कचरा दाबायचं मशीन

कादंबरीनं परत बटण दाबलं. मशीन ढिम्म.

"मेल्या, सुरू हो की!" ओट्याखाली डोकं घालून ती ओरडली.

कचरा दाबून त्याची वीट करणारं हे मशीन तिनंच आईसाठी आणलं होतं. सदाशिव पेठेतला तिसरा मजला, लिफ्टचा पत्ता नाही. बादली खाली नेताना मंदाकिनीबाई जिन्यात घसरल्या, तेव्हा कादंबरी म्हणाली होती, "आई, चल खराडीला, माझ्याकडे." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "नको." लेकीच्या घरी कोण राहतं! आईचं नको म्हणजे नको, हे कादंबरीला पाठ होतं. विषय तिथंच मिटला आणि घरात मशीन आलं. ओला कचरा गॅलरीतल्या कुंडीत, सुका मशीनमध्ये. वीट काय ती कादंबरी रविवारी येऊन खाली नेणार. मशीन चाललं तर आई इथं एकटी बिनघोर राहणार. नाही चाललं तर परत बादली, परत तो जिना. त्याच्या पुढचा विचार कादंबरीनं केलाच नव्हता.

आणि मशीनचं वागणंही विचित्र. कंपनीचा माणूस आला की गुरगुरत सुरू व्हायचं. तो जिना उतरला की बंद.

"माणसं ओळखतं की काय हे?"

"तुझ्यावर गेलंय. पाहुण्यांसमोर शहाणं," मंदाकिनीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "उठ, पोहे घे अजून."

"नको."

बोलेपर्यंत डाव ताटलीत रिकामा झाला होता.

कादंबरीनं पोहे तसेच ठेवले. आता तिचा राग कमी झाला होता आणि डोकं चालायला लागलं होतं. प्लग बरोबर. लाल दिवा चालू. चावी फिरवलेली. मग अडतंय कुठं? तिनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि फरशीला गाल टेकवून बघितलं. ड्रॉवर बंद दिसत होता, पण पूर्ण बंद नव्हता. कडेला केसाएवढी फट होती. आणि ड्रॉवर मागं टेकल्याशिवाय हे मशीन सुरूच होत नाही, म्हणजे कोणाचा हात सापडायला नको.

तिनं ड्रॉवर अख्खाच बाहेर ओढला. आत हात घातला. उंदराचं घर असेल, झुरळं असतील, कशाचीही तिची तयारी होती. हाताला लागली पुठ्ठ्याची घडी. कात्रीनं नीट कापलेली, मागच्या भिंतीला चिकटवलेली. उंदीर काय सेलोटेप लावत नाहीत.

टेपचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्या वेळी पटकन निघावं म्हणून. असं टोक दुमडणारं माणूस या घरात एकच होतं.

म्हणजे कंपनीचा माणूस यायच्या आधी घडी काढायची. तो गेला की परत लावायची. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, इथं खाली बसून!

"आई!" पुठ्ठा नाचवत कादंबरी उठली. तिचं डोकं परत सणकलं होतं. "हे काय आहे? नको होतं मशीन तर तोंडानं सांगायचं ना! मी वेड्यासारखी रविवार रविवार इथं लोळतेय फरशीवर. तुला राहायचंय ना इथंच? मग चांगलं चालतं मशीन बंद कशाला पाडतेस?"

मंदाकिनीबाईंनी एक काडी निवडली. मग दुसरी. मग मेथी बाजूला सारली.

"त्या मशीनचं बटण सकाळपासून कितीदा दाबलंस गं," त्या खाली बघतच म्हणाल्या. "मला 'चल' मात्र एकदाच म्हणालीस."