थॉर्नलींचं घराणं

केकची बशी मधुमतीनं हलकेच बाजूला सरकवली. आज संकष्टी, चंद्रोदयाआधी काही घेत नाही, असं तिनं नीट समजावून सांगितलं. जॉन थॉर्नलींनी मान डोलावली, पण त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

शिल्पाला तर मुळीच पटलं नाही. “काल नाही सांगितलंस उपास आहे म्हणून,” ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत पुटपुटली. “त्यांना वाटेल, तुला त्यांची पाणी पण नको.”

डेव्हिड हा जॉनचा एकुलता एक मुलगा. नॉटिंगहॅमला शिल्पा ज्या शाळेत शिकवत होती तिथेच तोही शिकवायचा. येत्या सप्टेंबरात दोघांचं लग्न ठरलं होतं, म्हणजे त्या दोघांनी ठरवलं होतं. मधुमतीनं अजून हो म्हटलं नव्हतं. डेव्हिडचं आडनाव एका जेवणात पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिनं ते पुन्हा विचारून घेतलं होतं आणि मग ती त्या जेवणात कोणाशी बोलली नव्हती. आठवडाभरानं तिनं एकच अट घातली. आधी मला त्यांचं घराणं बघायचंय.

इल्फर्डची तिची मैत्रीण सुप्रभा हे ऐकून फोनवर खूप हसली. गोऱ्यांच्यात कसलं आलंय घराणं, म्हणाली. गोत्र विचारणारेस का त्याला? तुझ्या लेकीचे ते घारे डोळे, तो रंग. दोघं बोहल्यावर उभी राहिली की कोकणस्थ कोण नि इंग्रज कोण, ते भटजींना सांगावं लागेल. मधुमतीनं दुसराच विषय काढला होता. तिचे यजमान, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातले डॉक्टर गोगटे, हयात असते तर त्यांनी बायकोची समजूत घातली असती, असं सगळेच म्हणत.

जॉनना मात्र ती अट मनापासून आवडली होती. पूर्वजांचा त्यांना नाद होता. त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीचा कुणी जोसाया इथं आला तेव्हा सगळी दलदल होती. त्यानं चर खणून पाणी काढलं, पहिला नांगर धरला. चर्चशी त्याचं पटेना, म्हणून शेताच्याच कोपऱ्यात भिंत घालून त्यानं आपल्या माणसांना पुरायची जागा केली. तेव्हापासून थॉर्नली सगळे तिथेच.

डेव्हिड मेंढ्यांकडे गेला आणि हे तिघं शेतातून चालत त्या जागेकडे निघाले.

घरातली माणसं भेटवावीत तसे जॉन एकेका दगडापाशी थांबत होते. हा तापट, हा गाणारा, यानं गोठा बांधला. मधुमतीचं लक्ष पुरुषांकडे नव्हतंच. प्रत्येक दगडावर ती बायकोचं नाव शोधायची आणि विचारायची, ही कुठली, कशानं गेली, मुलं किती. जॉनची उत्तरं हळूहळू तुटक होत गेली. शेवटी त्यांनी हसत विचारलं, तुम्ही कधी पोलिसात होता का? शिल्पानं लाजून मान फिरवली.

मधुमती हसली नाही. “डेव्हिडची आई कुठे आहे?”

तो दोन वर्षांचा असताना ती गेली, एवढंच त्यानं शिल्पाला सांगितलं होतं. जॉननी खिशात पाइप चाचपला, पण काढला नाही. मग ते फाटक उघडून बाहेर पडले. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला गवतात एक आडवा दगड होता. त्यावर फक्त रूथ एवढंच कोरलेलं.

“माझ्या वडिलांनी आत जागा दिली नाही.”

“का?”

“घर सोडून गेली होती.”

“एकटीच?”

जॉन लांब मेंढ्यांकडे बघत राहिले. “तसं म्हणता येणार नाही.”

कुठे गेली, केव्हा वारली, कशानं, तेही मधुमतीनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, चौसष्टच्या फेब्रुवारीत, बाळंतपणात, असं जॉननी सांगितलं. मग टोपी हातात घेऊन ते म्हणाले, “मिसेस गोगटे, एवढंच मागतो. तिच्या चुकीचं खापर मुलावर फोडू नका.” आणि मागं न बघता घराच्या वाटेला लागले.

फाटकाशी उभी असलेली शिल्पा जवळ आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“झाली समाधान? काढलंस ना शोधून काहीतरी?”

“हे लग्न व्हायचं नाही, बाळा.”

“त्याची आई पळून गेली म्हणून? त्यात डेव्हिडचा काय चूक?”

मधुमती दगडाजवळ बसून त्यावरचं गवत बाजूला करत होती.

“तुला गोरा जावई नको, सरळ बोल ना. उपास, घराणं, सगळी नाटकं.” शिल्पा दोन पावलं मागे सरली. “मी लग्न करणार. तू नाही आलीस तरी करणार. आणि मग पुन्हा तुझ्या घरी येणार नाही. आय मीन इट, आई.”

ती वळलीसुद्धा. मधुमती उठली. चार पावलं भराभर टाकून तिनं शिल्पाचं मनगट धरलं आणि तिला परत त्या दगडापाशी आणलं. लहानपणी देवासमोर आणायची तसं. मनगट काही मधुमतीच्यानं सोडवेना.

“वाकून नमस्कार कर,” ती म्हणाली. “ही तुझी आई.”