सातव्या पट्ट्याची हजेरी

सकाळ. वारलू: हाजिर.

"जा ना गा," जंगू म्हणाला. "उभा काऊन राह्यलास?"

वारलूनं करवतीची मूठ अजून सोडली नव्हती. दुसरी मूठ जंगूच्या हातात. मधे अर्धवट चिरलेला साग.

"भैयाजीनं नाव काटलं त?"

"काऊन काटन? तो टेकडीवून नंबर पुकारते, आपन इथून वरडतो. त्याले का आपलं तोंड दिसते? तुह्या नावानं मी वरडतो."

"आन आवाज?"

जंगूनं नाकातून, थोडं चिरकत, थेट वारलूसारखं "वारलू हाजिर जी!" करून दाखवलं. वारलूला भीतीतही हसू आलं.

ठेकेदाराचा हा नवा कायदा होता. पूर्वी कोण कधी आलं, कधी गेलं, कुणी विचारत नसे. आता मुन्शी भैयाजी दिवसातून चारदा टेकडीवर टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा आणि एकेका पट्ट्याचा, म्हणजे एका जोडीला तोडीसाठी नेमून दिलेल्या जंगलतुकड्याचा, नंबर पुकारायचा. पट्ट्यावरची जोडी झाडांआडून नावं सांगायची. ती वहीत चढायची. "तुमच्याच फायद्याचं आहे बाबांनो," भैयाजी समजवायचा. "उद्या कोनी म्हनलं का अमका कामावर नोयता, त वही आहे ना!"

एक फायदा मात्र खरा होता. ज्याची हजेरी भरलेली, त्याच्याच घरच्यांना कंपाउंडर तापावरच्या कुनैनच्या गोळ्या देई. एक खाडा पडला की गोळ्या बंद.

वारलूच्या कनवटीला तीन गोळ्या होत्या. त्याची बायको सोमारी चार दिवसांपासून तापानं फणफणत होती. गाव दोन कोसांवर, आणि गावातलं माणूस न् माणूस धान कापायला गेलेलं. तिला पाणी पाजायलाही कुणी नव्हतं.

"नाकेदार फिरते ना. त्यानं पायलं त?"

जंगलखात्याच्या त्या नाकेदाराला सगळेच टरकून होते. मागच्या महिन्यात त्यानं जंगूचे बैल कोंडवाड्यात घातले. एक तिथंच मेला. जंगू उरलेल्या एकाच बैलाचा कासरा धरून परतला होता.

"नाकेदाराचं मी पाहतो," जंगू म्हणाला. "तू जाय. बायको मरन तुही."

दुपार. वारलू: हाजिर.

वारलू वाटेनं गेलाच नाही. लाकडं वाहणारे गाडीवान भेटतील म्हणून काटेरी झुडपांतून, वाकून, पळत गेला. गावाजवळच्या नाल्यात गुडघाभर पाण्यात असताना मागे, फार दूर, रूळ वाजला. पुकारा ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो कान टवकारून उभा राहिला आणि पाण्याकडे बघत पुटपुटला, "हाजिर जी."

सोमारीनं त्याला ओळखलं नाही.

"कोन होय?"

"मी होय ना."

"तो त कामावर हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

त्यानं गोळी कुटून पाण्यात घोळली. पहिली तिनं थुंकून टाकली. दुसरी गेली. तिसरी त्यानं उशाशी ठेवली. कपाळावर ओलं फडकं टाकलं. तिचा श्वास जरा संथ झाल्यासारखा वाटला, तेव्हा तो उठला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कुणी पाहिलं नाही, एवढं एक बरं झालं.

तिसरा प्रहर. वारलू: हाजिर.

तिसऱ्या हजेरीचा रूळ वारलूनं परतीच्या वाटेवरच ऐकला होता. पट्ट्यावर जंगू नव्हता.

करवत सागातच अडकलेली. चीर सकाळी होती तेवढीच. वारलूनं दबक्या आवाजात दोन हाका मारल्या. पाणी प्यायला गेला असेल, त्यानं मनाला सांगितलं.

मग रूळ वाजायला लागला. हजेरीसारखा मोजून नाही. थांबतच नव्हता. सगळ्यांना कॅम्पवर बोलावणं होतं.

कळलं, वारलूला वाटलं. त्यांना कळलं.

संध्याकाळ. वारलू:

सगळे ओळीनं उकिडवे बसलेले. समोर खुर्चीवर रेंजर साहेब. बाजूला भैयाजी, छातीशी वही धरून. कडेला शेकोटीजवळ जंगू घोंगडी पांघरून बसलेला. त्याला पाहून वारलूच्या जिवात जीव आला. जंगूनं वर पाहिलं नाही.

"वारलू तूच का?" साहेबांचा आवाज मऊ होता. "आज कुठं होतास?"

"पट्ट्यावर जी."

"मधे कुठं गेला होतास?"

"नाई जी."

"घरी? गावात?"

वारलूच्या डोळ्यांसमोर उशाशी ठेवलेली गोळी आली. उद्याच्या गोळ्या आल्या. "नाई जी. माह्या बायकोची शपथ."

"दुपारी आवाज दिलास तो तूच?"

"मीच जी."

"थोच होता साहेब," शेजारच्या पट्ट्यावरचा लच्छू हसत म्हणाला. "आज त याचा गळा लयच मोकळा होता. टेकडी हालवली ना गड्यानं!"

एकदोघे हसले. साहेब हसले नाहीत. पण त्यांनी मान डोलावली, आणि वारलूच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. वाचलो, त्याला वाटलं. वहीनं वाचवलं.

"नाकेदार दुपारच्या हजेरीपर्यंत भैयाजींजवळ होता," साहेब सावकाश म्हणाले. "मग तो सातव्या पट्ट्याकडे गेला. उतरत्या उन्हाला गाडीवानांना सापडला. मानेवर कुऱ्हाडीचे तीन घाव."

वारलूनं जंगूकडे पाहिलं. जंगू सांगेल. दोघांचा पट्टा आहे. दोघांनाही विचारतील.

"भैयाजी, सातवा पट्टा वाचा."

भैयाजीनं थुंकी लावून पान उलटलं.

"दुपार, वारलू हाजिर. तिसरा प्रहर, वारलू हाजिर." त्याचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. "जंगू. सकाळी दहा वाजता मुन्शीला सांगून, तापानं घरी."