शेंदराखालचं नाव

आमच्या उचगावच्या देव्हाऱ्यात एक जुनी पितळी तबकडी आहे. तिच्यावर सिंहाशेजारी उभी बाई आहे, म्हणून चार पिढ्यांनी तिला अंबाबाई समजून शेंदूर लावला. परवा शेंदराचं कवच गळून पडलं आणि खाली इंग्रजी अक्षरं निघाली. "पिराजी खोत," पाहायला आलेल्या संशोधकानं वाचलं. "पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी इंग्रज सरकार हे पाठवायचं. ही देवी नाही." घरची कर्ती आक्का तबकडीवर वाकली. पिराजी तिचा आजेसासरा. बायकोला टाकून परमुलखात पळाला असं समजून पितृपक्षात त्याला कधी पान वाढलं नव्हतं. "संग्रहालयाला द्या ही," संशोधक म्हणाला. आक्कानं तबकडी जागेवर ठेवली, शेंदरात बोट बुडवलं आणि बाईचं कपाळ सोडून नावावर टेकवलं. "न्हाय द्यायचा, पावणं. आमी ज्येला पळपुटा म्हणत आलो, त्यो शंभर वर्सं देव्हाऱ्यातच बसलाय की."