सात नंबरची ओळ

धाकट्याचा हात मशीनमध्ये सापडला, एवढंच सांगून फोरमननं फोन ठेवला आणि तो जखमीबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसला. कारखान्याच्या ऑफिसात अपघातांचे रिपोर्ट करणारा थोरला भाऊ जिन्यानं धावत खाली आला, तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती. मागोमाग निघाला तर साहेबांनी अडवलं. फोरमन नाही, तर नोंद तूच टाक, मग जा, म्हणाले. माणुसकी म्हणून काही असते की नाही! पण साहेबांपुढे त्याचं कधी काही चाललं होतं? मुकाट्यानं खुर्चीत बसला.

एरवी नोंदी त्या त्या पाळीचे फोरमन टाकत. हा फक्त वर्षभराच्या अपघातांची बेरीज मांडायचा, प्रत्येक मशीनच्या प्रत्येक पाळीची वेगळी ओळ. रिपोर्टात ज्या मशीनची ओळ येई, ते त्याच दिवशी दुरुस्तीसाठी बंद होई.

मागच्याच रविवारी जेवताना धाकटा म्हणाला होता, सात नंबरची जाळी सैल झालीय, हात घालायची भीती वाटते. यानं ते हसण्यावारी नेलं.

"अरे, माझ्या रिपोर्टात सातचं नावसुद्धा नाही. उगाच काय घाबरतोस?"

धाकट्याचा दादावर भारी विश्वास. सोमवारी पुन्हा सातवरच उभा राहिला.

आता यानं रकाने भरले. मशीन सात. सकाळपाळी. उजवा हात. बटण दाबलं आणि रिपोर्टात नवी ओळ आली : सात नंबर, सकाळपाळी, चार.

चार? मग आधीचे तीन कुठं होते?

ते 'इतर'मध्ये होते. यादी फार लांबते म्हणून साहेब कुरकुरायचे, तेव्हा यानंच मोठ्या हुशारीनं सोय केली होती : चारपेक्षा कमी असेल ते सगळं 'इतर'मध्ये. त्यानं 'इतर' उघडलं. सात नंबर, दुपारपाळी, तीन. सात नंबर, रात्रपाळी, तीन. सकाळचे तीनही कालपर्यंत तिथंच पडून होते. म्हणजे आजच्या आधीच नऊ. एवढे दुसऱ्या कुठल्याच मशीनवर नव्हते. तो टेबलावर डोकं ठेवून रडला.

तासाभरानं दवाखान्यात पोचला. भावजय भिंतीला टेकून उभी होती. मनगटापासून गेला, भाऊजी, म्हणाली. धाकटा नुकताच शुद्धीवर आला होता. दादाला बघून त्यानं कोरडे ओठ हलवले.

"दादा, आता तरी आलं का रे सातचं नाव तुझ्या रिपोर्टात?"