साडूची पाठ

साडूने त्याचा ट्रक माझ्या गळ्यात मारला तेव्हा म्हणाला, "लांबच्या फेऱ्या मार, राजासारखा राहशील. माझी पाठ गेली म्हणून, नाहीतर विकला असता होय!"

मी कारखान्यात लेथवर होतो. दिवसभर उभ्याचं काम, पण पगार पक्का. तो सोडून दीड वर्ष रस्त्यावर काढलं. डिझेल, टायर आणि बँकेचा हप्ता पोटभर जेवायचे, मी चहावर भागवायचो.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि जुन्या फोरमनकडे गेलो.

"उशीर केलास गड्या. तू गेलास त्याच आठवड्यात तुझी जागा भरली."

कोण आलंय म्हणून लेथकडे बघितलं, तर साडू! खांबासारखा ताठ उभा.

मला बघितलं, आणि मग त्याचा हात पाठीवर गेला.